दोन बोटं ढिली

५ फेब्रुवारी, रविवार

दुकानात मापांची एक कोरी वही उरली होती, ती घरी आणली. छाती, कंबर, बाही, उंची असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्यावरून आडवं लिहिते आहे.

काल डॉक्टरीणबाई शाईला बघून गेल्या. आल्या होत्या नुसता दाखला द्यायला, घोडी प्रवासाला ठीक आहे एवढं लिहून. पण तोंडात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग माझा हात धरून माझं बोट आत नेलं. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी हिरडी असते. लगामाचं लोखंड तिथेच बसतं. त्या हिरडीखाली मला हाडाचा खडा लागला, वाटाण्याएवढा. शाईनं डोळा मिटून घेतला, पण तोंड हलवलं नाही.

"किती वर्षं लोखंडावर चालवताय?"

"आमच्याकडे चार. आधीचं माहीत नाही."

"यापुढे एक दिवससुद्धा नाही."

ती मान उडवायची तेव्हा मला वाटायचं, लाडात आली आहे. चार वर्षं मी लोकांना कौतुकानं सांगत होते.

आज संध्याकाळी बोरूला फोनवर सांगितलं. बोरू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लेखणीच्या बोरूइतकी किडकिडीत होती, म्हणून आमच्या आईनंच हे नाव पाडलं. घोडी घेतली तेव्हा बोरू म्हणाली, मग हिचं नाव शाईच. धाकटी जहाजावर नर्स होती, म्हणून बोरू पाच वर्षांची असल्यापासून माझ्याकडे. गेल्या जूनमध्ये धाकटीनं जमिनीवरची नोकरी धरली, चार तासांवरच्या गावात घर केलं आणि मुलीला घेऊन गेली. मुलगी तिचीच आहे. शाई मागे राहिली, कारण तिकडच्या तबेल्यात जागा नव्हती. आता एक ठाण रिकामं झालंय, महिनाअखेरपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवलंय. त्यांची अट एकच: घोडी स्वाराच्या हाताखाली थांबली पाहिजे.

बोरूचा फोन दर रविवारी सहाला येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मावशी, शाईनं आज काय केलं?" त्यासाठी मी आठवडाभर साठवून ठेवते. बादली उलटी केली, मांजराला हुंगलं, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार मामांची टोपी चावली. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बोरू बसनं येते, शाईला भेटायला.

आज तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला दुखवत होते?"

"आपण दोघी."

"लोखंडाशिवायचे लगाम असतात, मावशी. तू शोधशील ना?"

"शोधते तर," मी म्हटलं.

शोधणारच. माझ्याइतकी चिकट बाई या गल्लीत दुसरी नाही.

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, नेमकं काय घेऊ. म्हणाल्या, तीन प्रकार आहेत. एक पट्ट्याला दोन्हीकडून दांड्या असलेला, एक हनुवटीखाली पट्टे आडवेतिडवे जाणारा, आणि एक अगदी साधा, नाकपट्टीला बाजूला दोन कड्या आणि त्यांत दोऱ्या. "आणि एक लक्षात ठेवा. ओढल्यावर किती धरतो ते बघू नका. सोडल्यावर किती लवकर सोडतो ते बघा."

मी हे लिहून घेतलं. 'उंची'च्या रकान्यात बसलं.

९ फेब्रुवारी

दांड्यांचा लगाम पलीकडच्या रायडिंग स्कूलमधून दोन दिवसांसाठी मागून आणला. जड आहे. नाकावर पट्टा, हनुवटीखाली साखळी, बाजूला वीतभर लोखंडी दांड्या. आपण बोटानं ओढावं आणि तिकडे हातोड्यानं मारल्यासारखं लागावं, अशी रचना. मी दोरी नुसती उचलली तर शाई मागे सरकत सरकत मागल्या पायांवर बसायलाच आली.

मोतद्दार मामा भिंतीला टेकून बघत होते. "ताई, हे म्हणजे तोंडातला चोर उचलून नाकावर नेऊन बसवला."

"स्कूलमधले सगळे वापरतात, मामा."

"त्यांच्या घोड्यांना विचारलंय का?"

दोन दिवसांचा आणला होता, दोन तासांत परत केला.

१४ फेब्रुवारी

आडव्या पट्ट्यांचा लगाम टपालानं आला. पट्टे कपाळावरून गालांवर उतरतात, हनुवटीखाली एकमेकांना ओलांडतात आणि मग हातात येतात. डावी दोरी ओढली की उजवा गाल दाबला जातो. दोन्ही ओढल्या की सगळं डोकं चहूबाजूंनी आवळलं जातं. हळूच, कवेत घेतल्यासारखं.

मला आवडला. खरंच आवडला. शाई वळली, थांबली. पण मी हात सैल केले तरी ती मान तशीच आखडून उभी राहिली. मामा खाली वाकले, हनुवटीखाली हात घातला. "हे अडकून राहतंय. तुम्ही सोडलंत, पण हिला कळलंच नाही सोडलंय म्हणून."

पट्ट्यांना तेल लावलं. पुन्हा बांधला. पुन्हा तेच. तरी चार दिवस तोच वापरायचं ठरवलंय, कातडं मऊ पडेल म्हणून. बोरूच्या खोलीत तिचं जुनं जाकीट अजून खुंटीवर आहे. त्याच्या बाहीत घोड्याचा वास आहे. तेलाची बाटली तिथेच असते म्हणून जावं लागतं.

१८ फेब्रुवारी

आज विशेष काही नाही. पट्ट्यांचा लगाम तेल लावून वाळत घातला होता. मामांनी शाईच्या रोजच्या बांधायच्या म्होरकीलाच दोन दोऱ्या अडकवल्या आणि म्हणाले, बसा, दोन फेऱ्या मारून या.

मी चाळिशी उलटल्यावर घोड्यावर बसायला शिकले, बोरू एकटी जायला घाबरायची म्हणून. अजूनही चढताना माझा एक पाय दुसऱ्याला विचारतो. पण आज रिंगणात गेल्यावर काही वेळानं माझ्या लक्षात आलं की मी हात वापरतच नाही. मी श्वास सोडला की शाई मंद होई. खांदा वळवला की ती वळे. मधोमध थांबायचं मनात आणलं आणि थांबली. तिचे कान माझ्याकडे वळलेले होते. चार वर्षांत ती अशी चालली नव्हती. उतरल्यावर तिनं मोठी जांभई दिली, जबडा इकडून तिकडे फिरवला आणि कपाळ माझ्या छातीवर टेकवून उभी राहिली. मीही उभी राहिले. मामा बादली घेऊन दोनदा शेजारून गेले.

दुपारी धाकटीचा फोन आला. "झालं का गं ताई? गाडी ठरवू का?" तेव्हा मशीन चालू होतं, दोन बायका मापाला थांबल्या होत्या. सांगायचं राहून गेलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

"मावशी, शाईनं आज काय केलं?"

जांभई दिली ते सांगितलं. खूप हसली. जमलं का काही, असं विचारलं तेव्हा म्हटलं, बघतेय. म्होरकीचं बोलले नाही. म्होरकी म्हणजे काही लगाम नव्हे. तिकडच्या तबेल्यात म्होरकी दाखवली तर हसतील. उगाच पोरीला आशा लावायची आणि मग मोडायची, यात काय शहाणपण?

येत्या शनिवारी येणार आहे. गादीला ऊन दाखवलं.

२२ फेब्रुवारी

आता साधा, कड्यांचाच करून घ्यायचा ठरवलं. आरीबुवांकडे गेले. ते खोगिरं दुरुस्त करतात, कानामागे सदैव आरी खोचलेली. नाव बोरूनं ठेवलेलं, पण आता त्यांचा मुलगाही त्यांना तसंच म्हणतो.

"माप?"

मी चिठ्ठी दिली. शाई आली त्या आठवड्यात बोरूनं तिच्या नाकाचं माप घेतलं होतं, मी इंचपट्टी धरायला शिकवली होती. एका बाजूला घोड्याचं चित्र आहे, पाय पाच. दुसऱ्या बाजूला आकडा आणि खाली 'दोन बोटं ढिली ठेवून', आणि त्याखाली पेन्सिल फिरवून काढलेली दोन बोटं. चिठ्ठी माझ्या बटणांच्या डब्यात असते.

आरीबुवांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे अक्षर कोणाचं?"

"भाचीचं. अगदी नीट घेतलेलं आहे."

"घोडी तर इथेच आहे की तुमची. ताजं घेऊन येता का?"

"घोडीचं डोकं काही वाढत नाही, बुवा."

"ते खरं," म्हणाले, आणि आकडा फळीवर खडूनं लिहून घेतला. चिठ्ठी मी परत मागून घेतली.

२५ फेब्रुवारी, शनिवार

बोरू आली नाही. तिची चाचणी आहे सोमवारी. धाकटीनं काल कळवलं. बरोबरच आहे, अभ्यास आधी.

दिवसभर दुकान उघडं ठेवलं. शाळेच्या गणवेशांची कामं आली आहेत. एक आई मुलाला न आणताच आली, म्हणाली, मागच्या वर्षीचंच माप धरा. मी चक्क नाही म्हटलं. जुन्या मापावर मी कापडाला कात्री लावत नाही. मुलं वाढतात. बाई कुरकुरत गेली, पण पोराला घेऊन आली. दीड इंच वाढला होता.

संध्याकाळी तबेल्यात जाऊन शाईला खरारा केला. एकटीनंच. तिला आज शनिवार आहे हे कळतं का? फाटकाकडे बघत होती. अर्थात फाटकाकडे ती रोजच बघते, वैरण तिकडूनच येते.

२७ फेब्रुवारी

लगाम आला. फार देखणा केलाय, टाके मुंग्यांच्या ओळीसारखे. गालाच्या हाडाखाली दोन बोटं, जिथे बसायला हवी तिथेच नाकपट्टी बसली. पण बक्कल लावल्याबरोबर शाईनं मान अशी उडवली की माझ्या हनुवटीला लागलं. पुढे पाऊल टाकेना. खांबावर नाक घासत राहिली. अर्धा तास समजूत घातली. शेवटी काढला.

धाकटीला फोन करून सांगितलं, "नाही जमत गं. तिन्ही प्रकार झाले."

"मग?"

"मग काय. महिना संपतोय. त्या ठाणाचं जाऊ दे आता. शाई आहे इथे, मी आहे. बोरू येत जाईल तशीच."

मग म्हणाली, "बरं. बघते मी."

फोन ठेवला आणि मला सपाटून भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. एकदा निर्णय झाला की माणसाला बरं वाटतं, हेच खरं.

१ मार्च, बुधवार

बुधवार असून बोरूचा फोन आला.

"मावशी, मी मामांना फोन केला होता. त्यांच्या मोबाइलवर."

"बरं."

"मामा म्हणाले, शाई म्होरकीवर लोण्यासारखी चालते. अठरा तारखेपासून. तू रोज बसतेस."

"रोज नाही गं. आणि म्होरकी म्हणजे लगाम नव्हे, बोरू. तिकडचे लोक—"

"मी लगामाचं नाही विचारलं. तू मला सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, तुला उगाच आशा नको म्हणून. म्हटलं, कामात होते. आणखीही काहीतरी म्हटलं. ती मध्ये बोलली नाही. ती पूर्वी मध्ये बोलायची.

मग म्हणाली, "मी रोज शाळेतून येताना तिकडे जाते. त्या रिकाम्या ठाणात. तिथले काका मला गवत अंथरू देतात. म्हणतात, घोडी येईल तेव्हा तिला ओळखीचा वास हवा."

फोन तिनं ठेवला. आपण होऊन कधी ठेवत नाही ती. आधी मी, मग ती, असं आमचं ठरलेलं आहे.

२ मार्च

लगाम घेऊन तडक आरीबुवांकडे गेले. कोणावर तरी रागवायचं होतं.

"बुवा, तुमचं माप चुकलंय. घोडी डोकं आपटतेय."

बुवांनी इंचपट्टी काढली, नाकपट्टीवर लावली आणि फळीवरच्या खडूच्या आकड्याकडे बोट केलं. तंतोतंत. "चिठ्ठी आहे का जवळ?"

होती. पर्समध्येच होती.

त्यांनी ती मेजावर सपाट केली. "दोन बोटं ढिली. बरोबर लिहिलंय पोरीनं. पण बोटं कोणाची?" आणि पेन्सिलीच्या त्या चित्राकडे खूण केली. "ठेवा बघू तुमची."

मी ठेवली. माझ्या एकाच बोटाखाली तिची दोन्ही झाकली गेली.

"किती वर्षांची होती?"

"आठ."

"आणि आता?"

"बारा."

त्यांनी कानामागची आरी काढली, टोक बघितलं, परत खोचली. "बाई, तुम्ही गणवेश शिवता ना? राग मानू नका. जुन्या मापावर शिवाल का कोणाचा?"

त्यांचा मुलगा मागे हसला, त्याला त्यांनी डोळ्यांनीच दाबलं. माझा चेहरा बघून असेल.

परत येताना मी स्वतःला म्हणत होते, विसरले मी, गडबडीत होते. चौकापर्यंत म्हणत होते. चौकात सिग्नलला उभी राहिले आणि मग म्हणवेना. घोडी तीनशे पावलांवर होती. इंचपट्टी माझ्या गळ्यातच असते.

३ मार्च

सकाळी ताजं माप घेतलं. स्वतःची दोन बोटं नाकपट्टीच्या जागी आडवी धरून, वरून इंचपट्टी. शाई स्थिर उभी राहिली. आरीबुवा म्हणाले, नवी पट्टी बुधवारपर्यंत देतो.

मग धाकटीला फोन केला. "अगं, ते ठाण... तू कळवलंस का त्यांना? म्हणजे आता काहीच होणार नाही का?"

"मी कळवलंच नाही."

"म्हणजे?"

"पंधरा तारखेपर्यंत मुदत मागून घेतली. ताई, तू 'जाऊ दे' म्हणालीस तेव्हाच मला कळलं काहीतरी आहे. तू जन्मात कधी काही जाऊ दिलंयस? माझी शाळेतली तुटकी पट्टी अजून तुझ्या कपाटात आहे."

मला हसूही आलं आणि रडूही. ती म्हणाली, "रड रड. मी लाइनवर आहे." जहाजावरून फोन करायची तेव्हा हे वाक्य मी तिला म्हणायचे.

थोड्या वेळानं म्हणाली, "मी तिला नेलं तेव्हा तू एक अक्षर बोलली नाहीस. बॅग भरलीस, डबा दिलास. भांडली असतीस तरी बरं झालं असतं."

"भांडून काय करायचं होतं? मुलगी तुझीच आहे."

"हे वाक्य तू इतक्यांदा म्हणतेस ना, की मलाच शंका येते," धाकटी म्हणाली.

५ मार्च, रविवार

सहाला फोन आला नाही. सातलाही नाही. मीच केला. "बोरू, शाईची नवी नाकपट्टी बुधवारी येतेय. आधीची घट्ट होती, चूक माझी होती. सगळीच."

"बरं," ती म्हणाली. मग, "ती पांढरं फूल असलेलं गवत खाते का अजून?"

"खाते. दाताला लागलं की ओठ वर करते."

"हं."

एवढंच बोलणं झालं. पण आधी मी ठेवला, मग तिनं.

८ मार्च

पट्टी बसली. शाई चालली. मी श्वास सोडला, ती थांबली. उतरून धाकटीला फोन केला, खोगीर काढायच्याही आधी. "गाडी ठरव."

११ मार्च, शनिवार

सकाळी दहाला गाडी आली, मागे जोडलेला घोडा न्यायचा पेटारा. आधी धाकटी उतरली, मग बोरू. उतरतानाच मी तिच्याकडे बघितलं, आणि जानेवारीत बघितली होती तीच मुलगी, तरी आज बघितल्यासारखी बघितली. खांद्याला माझ्या लागते. बोरू म्हणण्यासारखं काही राहिलेलं नाही.

ती माझ्याशी बोलायच्या आधी शाईकडे गेली. शाईनं नाकानं तिचा खिसा उचकला. मग बोरूनं लगाम चढवला, कानांवरून हळूच, मी शिकवलं होतं तसा. बक्कल लावलं आणि नाकपट्टीखाली दोन बोटं सरकवली.

"मावशी, ठीक आहे का?"

मी दुसऱ्या बाजूनं माझी दोन बोटं घातली. पट्टीखाली, शाईच्या नाकाच्या उबेवर, एका बाजूला तिची आणि एका बाजूला माझी. सारखीच ढील होती. मी खात्रीसाठी बाजू बदलून बघितलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

तिनं तीन फेऱ्या मारल्या. मधोमध थांबली, हात खाली सोडलेले. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ते भारावले की असंच करतात.

मी खिशातून चिठ्ठी काढून तिला दाखवली. "ई, केवढीशी बोटं!" ती हसली, आणि पाच पायांचा घोडा बघून आणखी हसली. मग माझ्याकडे बघून हसू आवरलं, चिठ्ठी घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवली आणि खिसा वरून थोपटला.

पेटाऱ्यात चढताना शाई फळीवर थबकली. बोरूनं दोरी ओढली नाही. सैल सोडून नुसती शेजारी उभी राहिली. शाई चढली.

गाडी वळेपर्यंत धाकटी खिडकीतून हात हलवत होती. बोरू मागे बघत होती, पेटाऱ्याकडे.

१२ मार्च, रविवार

सकाळी सवयीनं तबेल्यात गेले. मामा म्हणाले, "ताई, घोडी नाही, पण झाडू आहे." ठाण झाडून काढलं. आडव्या पट्ट्यांचा लगाम खुंटीवर होता, तो मामांना देऊन टाकला. म्हणाले, बकरी बांधतो.

सहाला फोनजवळ बसले. या वेळी काहीच साठवलेलं नव्हतं. शाई तिच्याकडेच. आता ती काय विचारणार आणि मी काय सांगणार, हे मला सुचत नव्हतं. सहा वाजून गेले. दहा मिनिटं झाली. म्हटलं, होणारच होतं हे. उठले, कणीक मळायला घेतली. तेव्हा वाजला.

पिठाच्या हातानं उचलला. तिनं सगळं सांगितलं. शाई उतरली. गवत हुंगून त्यात लोळली. शेजारच्या घोड्याला चावली, हलकंच. नाकपट्टी दोन बोटं. तिथले काका म्हणाले, हा लगाम कोणी केला, पत्ता द्या. मी हं हं म्हणत होते. मग ती थांबली. मला वाटलं, झालं. आता मी ठेवायचं आणि मग तिनं.

"मावशी, तू आज काय केलंस?"

"मी? काही नाही गं."

"काही नाही म्हणजे? शाईचं तर तिनं कान हलवला तरी सांगायचीस. नीट सांग. सकाळपासून."

मला खरंच काही आठवेना. हाताला पीठ होतं, फोनलाही लागलं होतं.

"सकाळी उठले," मी म्हटलं.

"मग?"